रूथबाईंचं काळं दार

परवा एका नर्सिंग कॉलेजानं मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. निवृत्त मेट्रन म्हणून अधूनमधून असं बोलावणं येतं. हार घालतात, नारळ देतात आणि चार शब्द सांगा म्हणतात. तिथल्या प्राचार्य बाई तरुण आणि उत्साही होत्या. त्यांनी मला काचेच्या कपाटातली एक रबराची बाई दाखवली. परदेशातून मागवलेली. तिला सुई टोचता येते, तिचं बाळंतपण करता येतं, असं त्या म्हणाल्या. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, महाग वस्तू आहे, मुली खराब करतात.

मग त्यांनी भिंतीवरचा फलक दाखवला. परिचर्येच्या शिक्षणातलं संशोधन आणि नवे उपक्रम, असं वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका उपक्रम असा, की विद्यार्थिनीनं तासभर स्वतः रोग्याच्या खाटेवर पडून राहायचं आणि काय वाटलं ते लिहून काढायचं. "हे अगदी नवीन आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. नोकरीत माणूस दुसरं काही शिको न शिको, मान डोलवायला शिकतोच. ती विद्या आयुष्यात कधीही न शिकलेली एक बाई मला त्या क्षणी आठवली, आणि पुढचं प्राचार्य बाईंचं बोलणं मला काही ऐकू आलं नाही.

रूथबाई मूळच्या नगरकडच्या. तिथल्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, कुठल्याशा मोठ्या इस्पितळात नर्सिंग केलेल्या. गोंदियाला त्या कशा आल्या ते मला नीटसं ठाऊक नाही. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच मोडायचं, आणि तांदळाच्या गिरण्यांनी गावात पैसा खेळत होता. अशाच एका गिरणीवाल्या शेटजींनी आपल्या आईच्या नावानं जनाना इस्पितळ बांधलं. नावाची संगमरवरी पाटी आधी लागली, खाटा नंतर आल्या, आणि नर्सेस कुठून आणायच्या हा प्रश्न शेवटपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. तो पडला तेव्हा रूथबाईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, बाहेरून नर्सेस येणार नाहीत, इथल्याच मुलींचा वर्ग काढते.

उंच, हडकुळ्या, पांढरं पातळ खांद्याला पिन लावून नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. अंगाला कार्बोलिकचा आणि तोंडाला लवंगेचा वास. आणि आवाज! वॉर्डाच्या या टोकाला त्यांनी "अगं मुली" म्हटलं, की त्या टोकाच्या रोग्यांना वाटायचं आपल्यालाच हाक आली. रेल्वेच्या बंगल्यातली माणसं घड्याळाऐवजी रूथबाईंच्या सकाळच्या फेरीवर उठतात, असं आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे. त्यांना असलं बोलायला आवडायचं, पण रूथबाई समोर नसताना.

वर्गातल्या आम्ही मुली म्हणजे ज्यांना दुसरीकडे कुठेच जागा नव्हती अशा. सुखवंता तिरोड्याकडची. तिच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून तिनं इस्पितळाचा नळ पाहिला तो क्षण तिला जन्मभर आठवत होता. मी सायत्रा, गोंदियाकडच्याच गोरेगावजवळच्या पोवारांच्या घरातली, न कळत्या वयात विधवा झालेली. सासरी दिराच्या घरी धान कांडायचं, अंगण सारवायचं, आणि जावेच्या मुलांची आजारपणं काढायची, हा माझा पुढचा सगळा जन्म ठरलेला होता. बाबांनी भांडून मला इथं आणलं. दीर म्हणाला होता, कागद मिळाला तर ठीक, नाही तर वर्षानं परत पाठवा.

आणि कागदाचीच तर भानगड होती. आमच्या वर्गाला नागपूरच्या नर्सिंग मंडळाची मान्यता नव्हती. रूथबाईंच्या सहीचा दाखला घेऊन आम्ही कुठे गेलो असतो, तर त्याची पुरचुंडी बांधून शेंगदाणे खाल्ले असते लोकांनी. रूथबाईंना आयुष्यात काय हवं होतं, असं कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन, की आमचा कागद नागपुरात चालला पाहिजे. उठता-बसता तेच. "मी मेले तरी चालेल, पण तुमचा कागद नागपुरात चालला पाहिजे."

मी धानाची कापणी आटोपून उशिरानं आले. माझ्यानंतर त्या वर्गात कुणी आलंच नाही, त्यामुळे शेवटपर्यंत सगळ्यात नवी मीच राहिले. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता पुस्तक देतील. रूथबाईंनी माझ्या हातात रोग्याचा झगा दिला आणि खाटेकडे बोट दाखवलं.

"पड."

"पन मले काई झाला नाई, बाई."

"होईल. दिवसभर पडून राहा, म्हणजे काय होतं ते कळेल."

त्यांचं म्हणणं असं, की नर्सनं आधी पडावं, मग उभं राहावं. पुस्तकावर त्यांचा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. म्हणायच्या, "पुस्तकातला रोगी कुठे थुंकत नाही, शिव्या देत नाही, आणि त्याची सासू सोबत येत नाही." त्या दिवशी मी खरीखुरी रोगी होते. उठायचं नाही, सांगितल्याशिवाय कूस बदलायची नाही. थंडीचे दिवस. एकीनं बर्फासारख्या हातांनी माझी नाडी धरली. दुसरीनं पत्र्याचं गार भांडं खाली सरकवलं, तेव्हा मी किंचाळले. दोघीजणी माझ्या उशाशी उभ्या राहून माझ्याचबद्दल बोलत होत्या, मी तिथं नसल्यासारखी. आणि मला तहान लागली होती. पाण्याचा माठ समोर दिसत होता, पण खाटेपासून लांब. जिला तिला पाणी मागितलं, ती "थांब हं" म्हणून गेली ती गेलीच.

तेवढ्यात बाबा आले. बाजारासाठी गोंदियाला आले होते, पोरीला भेटून जावं म्हणून लाखोळीच्या डाळीची गाठोडी घेऊन वॉर्डाच्या दारात उभे. बघतात तर पोरगी खाटेवर.

"अवो, माही पोरगी! परवा तं धडधाकट आनून देली होती! का झाला इले?"

"आवाज हळू," रूथबाई गरजल्या. "इथं रोगी आहेत. तिला काही झालेलं नाही."

"मंग काऊन निजवून ठेवली?"

"शिकते आहे."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "निजून कोन शिकते वो बाई? निजाचाच होता तं घरी का खाट नोहोती?"

मला हसू आवरेना, पण रोग्याला हसायची परवानगी आहे की नाही ते ठाऊक नव्हतं. बाबा खाली बसले. माझे सुकलेले ओठ त्यांना दिसले असतील. उठून त्यांनी माठातून तांब्या भरला आणि मला पाणी पाजलं. रूथबाई ते बघत उभ्या होत्या. बाबा गेल्यावर त्यांनी सगळ्या मुलींना खाटेभोवती गोळा केलं आणि विचारलं, "सकाळपासून हिला पाणी कुणी दिलं? हिच्या बापानं. आणि तुम्ही सगळ्या इथं कशाला आहात? शोभेला?" बाबांनी मात्र गावात जाऊन सांगितलं, की गोंदियाच्या दवाखान्यात पोरींना झोपायचा पगार मिळतो. दिराला हे कळलं तेव्हा तो म्हणे आठवडाभर हसत होता.

बाळंतपण शिकवायला रूथबाईंनी एक बाई केली होती. जुन्या लुगड्यात धानाचं तणस, म्हणजे पेंढा, ठासून भरलेलं, आत चिंध्यांचं बाळ. तिचं नाव तणसाबाई. आमच्या वर्गात ती इतक्या वेळा बाळंत झाली, की सुखवंता म्हणायची, हिच्या नवऱ्याला एकदा बोलवून समज द्यायला हवी. रबराची बाई कुलपात असते. तणसाबाई आमच्याबरोबर वऱ्हांड्यात असायची आणि जिला वाटेल तिनं तिच्यावर हात बसवावा. एकदा दुपारी तिला जोत्यावर तशीच टाकून आम्ही सगळ्या जेवायला गेलो. येऊन बघतो तो डॉक्टरसाहेबांची म्हैस वऱ्हांड्याशी शांतपणे रवंथ करत उभी. लुगडं तेवढं राहिलं होतं. बाळ चिखलात पडलं होतं.

डॉक्टरसाहेब हसत सुटले. रूथबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथंच आमचा वर्ग घेतला. रोगी दगावला, कारण काय? एक म्हणाली, म्हैस. एक म्हणाली, तणस. "चूक," बाई म्हणाल्या. "रोगी एकटा सोडला. एकटा सोडला की म्हैस येतेच." तेव्हापासून आमच्या इस्पितळात तो वाक्प्रचारच झाला. ताप चढलेल्या बाईला सोडून कुणी गप्पा मारायला वळली, की पलीकडून आवाज यायचा, "म्हैस येईल!" आणि ती धावत परत यायची. नव्या रोग्यांच्या नातेवाइकांना हे इस्पितळ आहे की गोठा, असा प्रश्न पडायचा.

पण रूथबाईंचं खरं संशोधन म्हणजे ते दार. आज त्याला लोक मोठं नाव देतील. कपड्यांच्या खोलीचं दार मोठ्या वॉर्डाच्या वऱ्हांड्यात उघडायचं. कुंपणाच्या खांबांना लावून उरलेलं डांबर रूथबाईंनी त्या दाराला फासलं, आणि त्याचा फळा केला. रोगी घरी निघाली, गाठोडं बांधून पायरीवर आली, की तिला एकच प्रश्न विचारायचा: इथं काय दुखलं? रोगानं काय दुखलं ते नाही. ते डॉक्टर विचारतात. आम्ही काय दुखवलं, ते. विचारायचं सगळ्यात नव्या मुलीनं, कारण तिला कुणी घाबरत नाही. म्हणजे मी.

पहिल्यांदा सगळ्याजणी एकच सांगायच्या: काही नाही. हात जोडायच्या, "काई नाई वो बाई, लय चांगला झाला." मी आनंदानं येऊन सांगायची, बाई, काही नाही म्हणाली. रूथबाई मला परत पाठवायच्या.

"'काही नाही' हे उत्तर नाही. 'काही नाही' म्हणजे 'तुम्हाला सांगून काय उपयोग'. परत जा. तिच्याजवळ बस. धानाचं विचार, म्हशीचं विचार. मग परत हे विचार."

मी परत जायची, बसायची, धानाचं विचारायची. आणि मग खरोखर काहीतरी बाहेर पडायचं. ते दारावर खडूनं लिहायचं. हात गार. भांडं गार. माझ्यासमोर माझ्याच मरणाचं बोलल्या. डोक्यावरचा पदर सगळ्यांदेखत ओढला. सासूला हाकलली. ज्या मुलीकडून ते घडलं, तिनं दिवसभर खाटेवर पडायचं, आणि इतरांनी तिला नेमकं तसंच वागवायचं. मगच ती ओळ पुसायची. हात गार असल्याची ओळ पुसली गेली त्यानंतर आम्ही सगळ्या रोग्याला हात लावण्याआधी चहाच्या किटलीवर हात शेकायला लागलो. कुणी सांगितलं म्हणून नाही; आपण त्या हातांखाली एकदा पडलेलो होतो म्हणून.

शेटजींना ते दार अजिबात पसंत नव्हतं. एकदा आईच्या पाटीला हार घालायला आले तेव्हा म्हणाले, "बाईजी, ये सब पेशंट लोग पढ़ेंगे तो क्या सोचेंगे?"

"वाचता येणारी पेशंट अजून आलेली नाही, शेटजी," रूथबाई म्हणाल्या. "आली की आधी तिला वर्गात घेईन."

सालेकशाकडच्या जंगलातून एक गोंड बाई बाळंतपणासाठी आली होती. अवघड बाळंतपण होतं, पण आई आणि मूल दोघं सुखरूप. रूथबाई तिच्याजवळून हलल्या नव्हत्या. निघताना मी पायरीवर तिला विचारलं, इथं काय दुखलं? तिनं हात जोडले नाहीत, की काही नाही म्हणाली नाही. तिनं सरळ रूथबाईंकडे बोट केलं.

"थे. थे बाई दुखली. लय खेकसते वो. पोटापेक्षा माहे कानच जास्त दुखले. एवढी कायले बोंबलते थे?"

मी खडू घेऊन दारापाशी उभी. लिहू तरी कसं? मागून रूथबाई आल्या, माझ्या हातातला खडू घेतला आणि दाराच्या तळाशी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: रूथबाई ओरडतात. मग झगा मागितला.

त्यांच्याइतका वाईट रोगी मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही. नियमाप्रमाणे आम्ही त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायची वेळ येण्याआधीच खाटेवरून आवाज यायचा, "अगं मुली, त्या पलीकडच्या बाईची उशी कुणी बघायची? सुखवंता! ताप लिहिलास का? सायत्रा, तो पडदा!" सुखवंतानं एकदा धीर करून "गुमान पडून राहा!" म्हटलं, तर बाईंनी तिला "शाबास, असंच, पण जरा पोटातून" म्हणून ओरडायचं कसं ते शिकवलं. संध्याकाळी त्या उठल्या. मी ओळ पुसायला ओलं फडकं घेतलं. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. मी दिवसभर ओरडलेच. हे काही पडणं झालं नाही."

पुढेही एकदोनदा पडल्या, पण दर वेळी त्यांचा निकाल तोच. बाकीच्या ओळी आल्या आणि गेल्या. तळाची ती एक ओळ तशीच राहिली. पाऊस आला, पुसट झाली, तर रूथबाई स्वतः परत गिरवायच्या.

अखेर नागपूरहून मंडळाच्या एक मिससाहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं. त्या वर्ग बघणार, मुलींना प्रश्न विचारणार, आणि मान्यता द्यायची की नाही ते ठरवणार. दिराकडून निरोप आला होता, की आता वर्ष होत आलं, सायत्राला घेऊन जायला गाडी पाठवतो. मला रात्री झोप लागत नव्हती. रूथबाईंना लागत होती की नाही माहीत नाही, पण त्यांनी तपासणीआधी आमच्याकडून सगळं पुस्तक तोंडपाठ करून घेतलं. ज्या पुस्तकावर त्यांचा भरवसा नव्हता, ते.

डॉक्टरसाहेबांनी सगळीकडे चुना मारला. दार चुन्यानं झाकायला निघाले तर डांबरावर चुना धरेना. मग त्यांनी दारापुढे एक मोठं शिसवी कपाट आणून उभं केलं. दार झाकलं. पण कपड्यांची खोलीही बंद झाली, आणि त्या सकाळी चादरी बदलायच्या होत्या.

"चादरी?" रूथबाईंनी विचारलं.

"मिससाहेब जाईपर्यंत चादरींचं नाव काढू नका," डॉक्टरसाहेब म्हणाले. "आणि त्या दाराचंही. मान्यता हवी ना तुम्हाला?"

हवी होती. रूथबाई गप्प बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मिससाहेब वयस्क, चष्मेवाल्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला. "नया पेशंट आया. पहले क्या करेगा?"

ताप, नाडी, श्वास. पुस्तकातलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मला तो माठ दिसला, आणि तांब्या घेऊन येणारे बाबा. "देखूँगी पानी कहाँ रखा है, उसका हाथ पहुँचता है क्या," मी म्हणाले. "फिर नाडी."

"ये किताब में किधर है?"

"किताब में नहीं है, मिससाहेब."

डॉक्टरसाहेबांनी घाम पुसला. मिससाहेबांनी सुखवंताला एक बाई तपासायला सांगितली. सुखवंता आधी किटलीवर हात शेकून आली. मिससाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या रूथबाईंकडे वळल्या. लडकियाँ अच्छी हैं, म्हणाल्या. आपण हे कसं शिकवता? ही पद्धत कुठली?

रूथबाईंनी कपाटाकडे पाहिलं. डॉक्टरसाहेब खोकले. रूथबाईंना दोन शब्दांत वेळ मारून नेता आली असती. मुली हुशार आहेत, एवढं म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. पण खरी पद्धत विचारली आणि खोटी सांगायची, हे त्यांच्याच्यानं झालं नाही.

"कपाट सरकवा ग," त्या म्हणाल्या.

आम्ही सरकवलं. मिससाहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून डॉक्टरसाहेब एकेक ओळ हिंदीत सांगू लागले. अडचणीच्या ओळी ते गाळत होते आणि रूथबाई त्या मागून भरत होत्या. मिससाहेब खुर्ची ओढून बसल्या. एकदोनदा हसल्या. एका ओळीला डोळे टिपले, असं मला वाटलं. मग तळाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "और ये?"

डॉक्टरसाहेबांनी परत घाम पुसला.

"रूथबाई चिल्लाती है," रूथबाई म्हणाल्या.

"रूथबाई कौन?"

"मैं."

मिससाहेबांनी ओळीवरचं बोट काढलं. "अभी भी?"

रूथबाईंनी अगदी मनापासून विचार केला. "जी. कम हुआ है."

थोड्या दिवसांनी नागपूरहून निकाल आला. डॉक्टरसाहेबांनी तो वर्गात वाचून दाखवला. विद्यार्थिनींची तयारी उत्तम, रोग्याविषयीची त्यांची जाण विशेष. वर्गाला मान्यता. आमच्यातल्या एकीनं टाळी वाजवली. डॉक्टरसाहेब पुढे वाचेनात. रूथबाई म्हणाल्या, वाचा. पुढे होतं, की मान्यतेला एक अट आहे. वॉर्डातल्या दारावर रोग्यांच्या तक्रारी जाहीरपणे लिहिण्यानं शिस्त बिघडते. ते दार काढून टाकावं. आणि ज्या शिक्षिकेबद्दल रोग्यांची तक्रार नोंदलेली आहे, जिच्यापाशी शिकवण्याचं प्रमाणपत्रही नाही, तिच्या जागी रीतसर प्रमाणपत्र असलेली शिक्षिका नेमावी.

सबंध इस्पितळात रूथबाईंविरुद्ध पुरावा शोधायला गेलं असतं, तर एकच सापडला असता, आणि तो त्यांच्याच अक्षरात होता. मला इतका संताप आला होता, की ते दार कुऱ्हाडीनं फोडावंसं वाटलं.

शेटजी खरोखर भले होते. म्हणाले, नागपूरला लिहितो, आपण अर्ज करू. रूथबाईंनी हात जोडले. "मुलींचा कागद अडकेल. राहू द्या." मग आमच्याकडे वळल्या. आम्ही सगळ्या रडत होतो. "रडता काय? मान्यता मिळाली ना? तुमचा कागद नागपुरात चालणार आता! उठा! ताप कुणी बघायचे? सुखवंता! म्हैस येईल!" त्या दिवशी त्या सबंध वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडल्या, आणि एकाही रोग्याला ते दुखलं नाही.

जाताना त्यांनी एकच मागितलं. दार काढायचंच आहे, तर मला द्या. शेटजींनी सुतार लावून ते बिजागऱ्यांसकट उतरवून दिलं. बैलगाडीत दार आडवं, त्यावर एक ट्रंक, आणि मागून आम्ही मुली, अशी मिरवणूक स्टेशनवर गेली. अरुंद रुळांच्या छोट्या लाईनच्या पल्याड, बालाघाटच्या बाजूला जंगलात एका मिशनच्या दवाखान्यात त्यांना काम मिळालं होतं. पार्सलचा बाबू दार बघून चक्रावला.

"बाईजी, अकेला दरवाज़ा? मकान किधर है?"

"मकान नहीं है, बाबूजी. दरवाज़ा ही है."

दार ब्रेकव्हॅनमध्ये चढलं. रूथबाई डब्यात बसल्या, पदराची पिन नीट केली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही एकट्याच चालल्या."

"घाबरू नकोस. म्हैस डॉक्टरांकडे आहे."

सगळ्या हसल्या, पण बाई माझ्याकडे बघत होत्या, काहीतरी राहिल्यासारखं. गार्डानं शिट्टी दिली. "काय ग," त्या म्हणाल्या, "रोगी घरी निघाली की काय विचारायचं असतं? सगळ्यात नवी कोण आहे इथं?"

मीच होते. "बाई," मी म्हटलं, "इथं काय दुखलं?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या. इतक्या हळू, की मला खिडकीच्या गजांपाशी जावं लागलं.

"काही नाही."

"बाई, हे उत्तर चालत नाही," मी म्हणाले. "तुम्हीच..."

गाडी हलली. मी गजाला धरून फलाटावरून चालत राहिले, मग पळत. परत विचारायचं होतं. त्यांच्याजवळ बसायचं होतं, धानाचं विचारायचं होतं, नगरचं विचारायचं होतं, आणि मग परत तेच विचारायचं होतं. त्यांनी गजातून हात बाहेर काढून माझे हात सोडवले. हात ऊन होते. फलाट संपला तशी मी थांबले.

नवी शिक्षिका आली. चांगली होती, पुस्तक छान शिकवायची. आम्ही पास झालो. दिराची गाडी रिकामी परत गेली. माझा कागद नागपुरात चालला, जबलपूरला चालला, जन्मभर चालला. त्यावर रूथबाईंचं नाव कुठेच नाही. बाईंना स्टेशनवर पोचवून त्या संध्याकाळी इस्पितळात परतले तेव्हा कपड्यांच्या खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट उभी होती. माझ्या मुठीत खडू होता. बाईंना विचारायचं माझ्या मनात आधीच होतं; उत्तर मिळालं असतं तर लिहायला म्हणून नेला होता.